राउंड लागेपर्यंत: प्रवेशयादीची वाट पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण

शैक्षणिक वर्ष 2025-26 ची अभियांत्रिकी प्रवेशप्रक्रिया सुरू असताना, जुलैच्या सुरुवातीला, कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत राहणारी अठरा वर्षांची एक विद्यार्थिनी आपल्या आईबरोबर माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. कुटुंबाच्या संमतीने हे प्रकरण येथे मांडत आहे; ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. प्रकरणात असाधारण असे काही नाही, आणि नेमके म्हणूनच ते सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटले. जून ते ऑगस्ट या काळात शेकडो घरांत हाच ताण असतो, पण तो आजार वाटावा इतका मोठा नसल्यामुळे आणि दुर्लक्ष करावे इतका लहानही नसल्यामुळे त्याची दखल कोणी घेत नाही.

मुलीचे वडील शिवाजी उद्यमनगरातील एका मशीन शॉपमध्ये सीएनसी मशीनवर काम करतात. आई घरी शिवणकाम करते, आजी घरातच असते आणि धाकटा भाऊ नववीत शिकतो. या घरातून अभियांत्रिकीला जाणारी ही पहिलीच मुलगी. बारावीचा निकाल 5 मे रोजी लागला, सीईटीचा, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा, निकाल जूनच्या मध्याला आला आणि पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात तिला 97 च्या वर पर्सेंटाइल मिळाले, म्हणजे 97 टक्क्यांहून अधिक परीक्षार्थी तिच्या मागे होते. निकालाच्या दिवशी पेढे वाटले गेले. त्यानंतर आठवडाभराने घरातली शांतता गेली.

हे का घडले असावे, हे समजण्यासाठी प्रवेशप्रक्रियेची रचना थोडी पाहावी लागते. सीईटी अनेक सत्रांत होते, सत्रांच्या काठिण्यपातळीतील फरक लक्षात घेऊन गुणांचे पर्सेंटाइलमध्ये रूपांतर होते, आणि त्यामुळे हातात आलेल्या आकड्यावरून मुलाला आपण नेमके कितवे आहोत हे गुणवत्तायादी लागेपर्यंत कळत नाही. निकाल आणि पहिल्या फेरीचे जागावाटप यांच्यात साधारण दीड महिना जातो. त्या दीड महिन्यात नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, तात्पुरती गुणवत्तायादी, हरकती, अंतिम यादी आणि ऑप्शन फॉर्म (महाविद्यालये व शाखा पसंतीक्रमाने भरण्याचा अर्ज) असे टप्पे येतात आणि मधूनच एखाद्या टप्प्याला मुदतवाढ मिळते. मुदतवाढीची सूचना ज्या विद्यार्थ्याचा दाखला अडकला आहे त्याला दिलासा देते. ज्याचे सर्व कागद तयार आहेत त्याची प्रतीक्षा मात्र तेवढीच लांबते. या मुलीच्या फायलीत उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला आणि प्रवर्गाचे सर्व कागद जूनमध्येच क्रमाने लावलेले होते. करण्यासारखे काही उरलेले नव्हते, आणि तिच्या दृष्टीने तीच मोठी अडचण होती.

पहिल्या भेटीतील निरीक्षणे

बसल्यावर तिने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर तळहात ठेवला. बोलणे संपेपर्यंत तो हात तिथून हलला नाही. रात्री दोनपर्यंत झोप लागत नाही, पहाटे पाचला जाग येते, जाग येताच प्रवेशाचे संकेतस्थळ उघडले जाते, जेवणाची इच्छा नसते, छातीत जळजळते, अशा तक्रारी आईने सांगितल्या. मुलगी स्वतः एवढेच म्हणाली, ‘‘मॅडम, डोकं चालंना झालंय. दुसरं काय सुचतच नाही.’’

मी आग्रह केल्यावर तिने एक वही दाखवली. मागील तीन वर्षांचे कटऑफ, म्हणजे त्या त्या जागेवर प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे पर्सेंटाइल, तिने निळ्या शाईत रकाने आखून उतरवले होते, प्रत्येक आकडा सात दशांश स्थळांपर्यंत. शेजारी कटऑफचा अंदाज देणाऱ्या वेगवेगळ्या संकेतस्थळांची उत्तरे होती, आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती. ज्या ओळीत सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातील इलेक्ट्रॉनिक्स शाखा होती, तिथला कागद खोडून खोडून पातळ झाला होता. मागील वर्षीचा मुलींसाठीच्या राखीव जागांचा कटऑफ तिच्या पर्सेंटाइलच्या किंचित खाली होता, त्याआधीच्या वर्षीचा किंचित वर. म्हणजे सगळे तळ्यात-मळ्यात.

या स्थितीचे महत्त्व संशोधनातून स्पष्ट झालेले आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सहभागी व्यक्तींना संगणकावरील खेळात दगडाखाली साप आहे का, हे ओळखायचे होते, आणि साप निघाला तर हाताला वेदनादायक विजेचा झटका बसत असे. झटका बसणार हे जेव्हा जवळजवळ निश्चित होते, तेव्हाच्यापेक्षा शक्यता निम्मी-निम्मी होती तेव्हा ताण अधिक आढळला. ज्याला 99.9 आहेत तो निर्धास्त असतो. ज्याला हवे ते महाविद्यालय मिळणारच नाही हे उघड आहे तो रडून मोकळा होतो आणि पुढच्या तयारीला लागतो. कटऑफच्या रेषेवर उभे असलेले मूल मात्र रोज दोन्ही निकाल जगत असते. ‘‘एवढे चांगले मार्क असून कशाला काळजी करतेस?’’ हा नातेवाइकांचा प्रश्न म्हणूनच निरर्थक ठरतो, आणि तो ऐकल्यावर आपल्यातच काही खोट आहे असे मुलाला वाटू लागते.

घराबाहेर पडणे तिने जवळपास थांबवले होते. गल्लीत, मंदिरात, किराणा दुकानात ‘‘कुठं नंबर लागला?’’ हा एकच प्रश्न तिची वाट पाहत असे, आणि यादीच लागलेली नसल्यामुळे त्याला उत्तर नव्हते.

जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार कधी मनात आला आहे का, हे मी तिला एकटीला भेटून स्पष्ट शब्दांत विचारले. असे विचारल्याने नको तो विचार मुलाच्या डोक्यात घातला जाईल अशी पालकांना भीती वाटते. ती निराधार आहे, उलट विचारल्यामुळे मूल बोलते होते. तिचे उत्तर नकारार्थी होते आणि ते मला विश्वासार्ह वाटले. तरीही केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक मी आई आणि मुलगी दोघींनाही लिहून दिला, कारण मध्यरात्री मी उपलब्ध नसते आणि ती सेवा असते.

निष्फळ ठरलेले उपाय

आईने मोबाइल कपाटात ठेवून पाहिला होता. मुलीने मैत्रिणीच्या घरी जाऊन तिच्या मोबाइलवर पाहिले. मी सुचवलेला दीर्घ श्वसनाचा सराव तिने प्रामाणिकपणे केला, पण श्वास मोजतानाही डोक्यात कटऑफच येतात असे तिने सांगितल्यावर तो थांबवला. पुण्याच्या आत्याचे ‘‘जे होईल ते चांगल्यासाठीच’’ हे वाक्य तर तिला संताप आणत होते. आजीने अंबाबाईला खण-नारळाने ओटी भरण्याचा नवस बोलला होता, त्याबद्दल आईला थोडा संकोच वाटत होता. मला त्यात काही वावगे दिसले नाही. नवस बोलून आजीने आपली काळजी देवीच्या स्वाधीन केली होती, आणि नातीला दिवसातून दहा वेळा काही न विचारणारी घरातली ती एकटीच व्यक्ती होती.

वाट पाहण्याच्या काळावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी बरेच काम केले आहे. वकिलीच्या परवाना परीक्षेचा निकाल येईपर्यंत सुमारे चार महिने थांबावे लागणाऱ्या पदवीधरांचा त्यांनी अभ्यास केला. मन दुसरीकडे वळवणे, आशावादी राहणे, वाईटाची तयारी ठेवणे असे जे उपाय माणसे स्वतःहून करतात, त्यांनी या प्रतीक्षेतील त्रास फारसा कमी होत नाही, असे त्यात दिसले. अस्वस्थता सुरुवातीला जास्त असते, मध्ये ओसरते आणि निकाल जवळ आला की पुन्हा चढते, हेही त्यांच्या कामातून पुढे आले. ही माहिती मी मुलीला जशीच्या तशी सांगितली. ती पहिल्यांदा सरळ बसली. आपण करतो ते सगळे चुकते म्हणून त्रास होतो आहे, असे ती धरून चालली होती.

दुसरी भेट: न बोललेला प्रश्न

दुसऱ्या भेटीला वडील कामावरून सुट्टी काढून आले. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की ताणाचे मूळ यादीच्या अनिश्चिततेत आहे. मी वडिलांना विचारले, की वालचंदला नंबर लागला तर काय करायचे ठरले आहे. खोलीत कोणी बोलेना. मुलगी आईकडे पाहू लागली आणि आई खिडकीकडे.

ठरलेले काहीच नव्हते. ‘‘पोरगी नजरेसमोर असलेली बरी,’’ असे वडील शेवटी म्हणाले, आणि मग त्यामागचे खरे कारण हळूहळू बाहेर आले. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, आणि ही मुलगी त्यात बसत होती. फीचा प्रश्न त्यामुळे बराचसा सुटलेला होता. पण सांगली सुमारे 50 किलोमीटरवर आहे. रोज एसटीने जाऊन-येऊन इंजिनिअरिंग करणे अवघड, म्हणजे वसतिगृह आणि मेस आली, आणि त्या खर्चाचा हिशेब वडिलांनी मनातल्या मनात केला होता. लेकीच्या आनंदावर विरजण पडू नये म्हणून ते बोलले नव्हते. मुलीने त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ ‘पाठवायचे नाही’ असा घेतला होता. पहाटे पाचला संकेतस्थळ उघडताना आपल्याला भीती नेमकी कशाची वाटते, नंबर न लागण्याची की लागण्याची, हे तिचे तिलाच सांगता येत नव्हते.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. यादी आपल्या हातात नसते, त्यामुळे सगळी काळजी तिच्या नावावर टाकणे सोयीचे होते. पण यादीच्या आड अनेकदा घरातला एखादा न झालेला निर्णय दडलेला असतो, आणि तो यादीची वाट न पाहता आजच घेता येतो.

त्या वर्षीच्या नियमांमुळे तो आधी घेणे भागही होते. 2025-26 पासून अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या तीनऐवजी चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप फ्रीज होते, म्हणजे पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणतीही आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही जागा मिळाली तरी ती बंधनकारक ठरते. त्याखालची जागा मिळाल्यास ती हातात ठेवून बेटरमेंटसाठी, म्हणजे वरच्या पसंतीची जागा मिळते का हे पाहण्यासाठी, पुढच्या फेरीत जाता येते. याचा अर्थ खरा निर्णय यादी लागते त्या दिवशी होत नसून फॉर्ममध्ये पसंतीचा क्रम लावताना होतो. वडिलांना हे ठाऊक नव्हते. नंबर लागल्यावर बसून ठरवू, अशी त्यांची कल्पना होती.

क्रमांक एक आणि दोनवर वालचंदमधील इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रिकल, याबद्दल मुलगी ठाम होती. वाद तिसऱ्या क्रमांकाचा होता. तिला तिथे कराडच्या शासकीय महाविद्यालयातील इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार शाखा हवी होती. वडिलांना कोल्हापुरातील एका स्वायत्त महाविद्यालयाची जागा. कोल्हापूर तिसऱ्या क्रमांकावर घातले आणि दुसऱ्या फेरीत तेच मिळाले, तर वालचंदचा दरवाजा तिथेच बंद झाला असता. चौथ्यावर घातले, तर आणखी एक फेरी हातात राहत होती. हा एका ओळीचा फरक समजल्यावर बापलेकीचे बोलणे पहिल्यांदा मुद्द्यावर आले.

पुढचा मार्ग वडिलांनीच दाखवला. त्यांचे घर नदीच्या बाजूला आहे आणि 2019 व 2021 च्या महापुरांत घरात पाणी शिरले होते. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी किती, हे ते रोज पाहतात. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे तिथल्या लहान मुलांनाही पाठ असते. मी त्यांना विचारले, की पाणी वाढू लागले की तुम्हाला झोप लागते का. ते म्हणाले, ‘‘लागते की. किती फुटाला सामान माळ्यावर टाकायचं आणि किती फुटाला पाव्हण्यांकडं जायचं, हे आधीच ठरलेलं असतंय. मग सकाळ-संध्याकाळ आकडा बघायचा, बास.’’ हे सांगता सांगता त्यांनी स्वतःच मुलीकडे पाहिले.

घरी ठरवलेल्या गोष्टी

त्याच रविवारी घरी चौघे एकत्र बसले आणि एका फुलस्केप कागदावर प्रत्येक पसंतीपुढे ‘हे मिळाले तर काय’ असे लिहिले गेले. वालचंद किंवा कराड मिळाले तर वसतिगृह; पहिल्या वर्षीच्या मेसचा खर्च आईच्या शिवणकामातून आणि भिशीतून, त्यापुढचे नंतर पाहायचे. कोल्हापूर मिळाले तर घरून केएमटीने (शहर बसने) ये-जा. कोल्हापूर चौथ्या आणि पाचव्या क्रमांकावर राहील, हे वडिलांनी मान्य केले. चौथ्यावर इलेक्ट्रॉनिक्स आणि पाचव्यावर कॉम्प्युटर. प्रत्येक फेरीला हाच क्रम ठेवायचा आणि ऐनवेळी कोणाच्या सांगण्यावरून बदलायचा नाही, हेही लिहिले गेले. कागद फ्रिजच्या दारावर लावला.

संकेतस्थळ दिवसातून दोनदाच पाहायचे, आणि ते काम धाकट्या भावाकडे देण्यात आले. त्याने ते फार गंभीरपणे केले. अंदाज वर्तवणारे व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपचे गट मुलीने स्वतःहून सोडले. मी तशी सूचना केली नव्हती. शेजाऱ्यांना द्यायचे उत्तर आम्ही बसून तयार केले: ‘‘राउंड लागायचाय अजून काकू, लागला की पेढे घेऊन येते.’’ तयार उत्तर जवळ असल्यामुळे ती पुन्हा बाहेर पडू लागली.

स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढील अभ्यासात एक गोष्ट उपयोगी दिसली आहे: ज्या कामात माणूस पूर्ण गुंतून जातो आणि वेळेचे भान हरपते, अशा कामात असताना प्रतीक्षा सुसह्य होते. टीव्ही पाहून हे साधत नाही; काम थोडे अवघड असावे लागते आणि आपण पुढे सरकतो आहोत हे दिसावे लागते. मी तिला काय आवडते असे विचारले, तेव्हा उत्तर आईने दिले. शिलाई मशीनच्या मोटारीचे पेडल कधीपासून बिघडले होते. पाय टेकवला की मशीन एकदम सुसाट धावे. मुलीने प्लग काढून ते उघडले, आतली जोडणी कागदावर उतरवून घेतली, वडिलांच्या ओळखीच्या एका मेकॅनिककडून सोल्डरिंग शिकली आणि चारदोन वेळा बिघडवून शेवटी ते दुरुस्त केले. त्यानंतर गल्लीतल्या बायकांची मिक्सर आणि इस्त्र्या घरी येऊ लागल्या. झोप पूर्ववत झाली नाही, पण रात्री दोनची वेळ साडेअकरावर आली. पहाटे संकेतस्थळ पाहणे थांबले.

फेऱ्यांचे दिवस

पहिल्या यादीच्या आदल्या दोन दिवसांत अस्वस्थता पुन्हा वाढली. ती वाढणार हे तिला आधीच सांगितलेले असल्यामुळे, सगळे प्रयत्न वाया गेले असे कोणी मानले नाही. त्या दोन दिवसांसाठी माझी सूचना वेगळी होती. वाईटात वाईट काय होईल याचा विचार सुरुवातीपासून करत राहिल्याने नुसता त्रास होतो, पण निकाल अगदी तोंडावर आल्यावर तो केल्यास धक्का सौम्य होतो. म्हणून तिने फ्रिजवरचा कागद खालून वर वाचावा, असे मी सांगितले.

पहिल्या फेरीत पाचवी पसंती मिळाली. कागदात लिहिल्याप्रमाणे ती जागा स्वीकारून बेटरमेंटचा पर्याय निवडला गेला. त्या संध्याकाळी घरात चर्चा झाली नाही, कारण चर्चा करण्यासारखे काही उरले नव्हते. दुसऱ्या फेरीत बदल झाला नाही. तिसऱ्या फेरीत चौथी पसंती मिळाली, म्हणजे कोल्हापुरातच इलेक्ट्रॉनिक्स, आणि पहिल्या सहांत असल्यामुळे ती पक्की झाली. वालचंदचा कटऑफ तिच्या किंचित वर थांबला.

ती रडली. दोन दिवस तिने कोणाशी धड बोलणे केले नाही, आणि ते थांबवण्याचा प्रयत्न करू नका, असे मी आईला फोनवर सांगितले. हवी असलेली गोष्ट हुकल्यावर वाईट वाटणे स्वाभाविक आहे. त्यावर उपचार नको, सोबत हवी. मला काळजी वाटली ती वडिलांची. मुलगी घरी राहणार म्हणून सुटकेची भावना झाली आणि त्याच क्षणी त्या भावनेची लाज वाटली, असे त्यांनी मला फोन करून सांगितले. हे मुलीला सांगावे का, असे त्यांनी विचारले. सांगा, असे मी म्हटले, आणि त्यांनी सांगितले. ‘‘मला माहीत होतं पप्पा,’’ असे ती म्हणाल्याचे मला नंतर कळले.

सप्टेंबरमधील पाठपुराव्याच्या भेटीत तिची झोप आणि भूक नेहमीसारखी होती. काय उपयोगी पडले, या प्रश्नावर तिने प्रथम कागदाचे नाव घेतले, नंतर पेडलचे. महाविद्यालयात ती रमली आहे असे अजून म्हणता येत नाही. वालचंदला गेलेल्या मैत्रिणींचे फोटो पाहिले की त्रास होतो, हे तिने लपवले नाही, आणि त्यासाठी पुढील दोन महिने भेटी सुरू ठेवण्याचे आम्ही ठरवले. या काळात आईलाही छातीत जळजळ होऊ लागली होती; ती मात्र गेलेली नाही. मुलीच्या प्रतीक्षेत तिच्या आईकडे लक्ष द्यायचे सर्वांचेच राहून जाते, म्हणून तिची वेळ मी स्वतंत्रपणे घेतली आहे.

वडिलांनी आपल्या मशीन शॉपमधील एका सहकाऱ्याला माझ्याकडे पाठवले. त्यांचा मुलगा दहावीत आहे आणि त्याला डिप्लोमाला जायचे आहे. आई, वडील आणि मुलगा अशा तिघांनी ऑप्शन फॉर्म उघडण्याच्या आधी, निकालाच्या पहिल्याच आठवड्यात यावे असे ठरले आहे. वेळ शॉपच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवसाची घेतली आहे, म्हणजे वडिलांना खाडा करावा लागणार नाही.